एका हातचं पिल्लू

आमच्या घरी दोन पिल्लं एकाच टोपलीतून आली. आणीबाणी उठली त्याच्या नंतरच्या उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. आधल्या हंगामात आमचा म्हातारा कुत्रा रानडुकराच्या सुळ्याने गेला होता. आमची शेतं जंगलाला लागून, त्यामुळे कुत्र्याशिवाय धान राखणं कोणालाच जमत नसे. सासरे करडी गावाला आपल्या मित्राकडे गेले. त्याची कुत्री डुकरांमागे धावण्यात नावाजलेली होती. तिच्या वेतातली दोन नर पिल्लं ते घेऊन आले, एक काळं आणि एक तांबडं.

अंगणात खाटेवर बसून त्यांनी टोपली आडवी केली आणि आम्हा दोघी सुनांना बोलावलं.

"एका घरी दोन नर नाई ठेवत. मोठे झाले का एकमेकाले फाडतेत," ते म्हणाले. "दोघी एकेक वाढवा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा झाली का पाहू. जे चांगलं निघंल ते घरी राहील. दुसरं देऊन टाकू."

चांगलं म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. डुकरांच्या हाक्याला पुरुषांबरोबर गेलं पाहिजे, हाक मारली की माघारी आलं पाहिजे, पाहुण्यावर भुंकावं पण धरू नये, आणि घरच्या लेकरानं ताटलीत हात घातला तरी दात लावू नये.

माझ्या धाकट्या जावेने तांबडं उचलून छातीशी धरलं. मी काळं घेतलं असं म्हणता येणार नाही, ते उरलं होतं.

धाकटी आमच्या घरात येऊन वर्षच झालं होतं. तिचं माहेर लाखनीचं. तिच्या वडिलांचं रस्त्याला लागून चहाभज्याचं दुकान होतं आणि ती लहानपणापासून ट्रकवाल्यांना कपबशा देत वाढलेली. कोणाशी काय बोलावं हा प्रश्न तिला कधी पडला नाही. माझं लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती, मला एक मुलगी होती, तरी सासऱ्यांनी कधी मला "बस, चहा पी" म्हटल्याचं आठवत नाही. तिला ते म्हणत. सासूबाई तिच्या बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसत. मी सांगितलेली गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागे, कारण पहिल्यांदा माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. माझी मुलगीसुद्धा सकाळी उठली की आधी काकूच्या खोलीकडे जाई.

ते पिल्लू माझ्याजवळ आलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की निदान हे तरी माझं राहील.

माहेरी आई सांगायची, कुत्रं एका हातचं पाहिजे. पहिला घास आपल्या तोंडचा द्यायचा. आपण चावलेला भात त्याच्या तोंडात घातला की ते बाकी सगळे हात विसरतं. मी तसंच केलं. धान ठेवायच्या ढोलीमागे तणस अंथरून त्याची जागा केली. तिथे अंधार असे आणि उंदरांशिवाय कोणी येत नसे. सकाळ-संध्याकाळ मीच जाऊन भात द्यायची, मीच पाणी ठेवायची. कोणी आत डोकावलं तर मी त्या खोलीचं दार ओढून घ्यायची. थोड्याच दिवसांत माझ्या पावलाचा आवाज आला की आतून तणस सळसळायचं. दुसऱ्या कोणाचं पाऊल वाजलं की बारीक गुरगुर ऐकू यायची. ती गुरगुर मला फार आवडायची.

धाकटीने आपल्या पिल्लाला एक दिवससुद्धा घरात बसू दिलं नाही. बांगड्यावाला कासार आला की त्याच्या मांडीवर ठेवायची. टपालवाला सायकलवरून उतरला की, "भाऊ, याले जरा धरा ना, मी पानी आनतो," म्हणून त्याच्या हातात द्यायची. पिल्लू खात असताना त्याच्या ताटलीत हात घालून एखादा तुकडा काढायची आणि लगेच त्यापेक्षा मोठा परत ठेवायची. त्यानं खेळता खेळता बोट चावलं की पिल्लासारखीच बारीक कुंई करून हात काढून घ्यायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची. ते बिचारं मग तिच्याभोवती फिरून फिरून पाय चाटायचं. सासूबाई पाहून म्हणायच्या, "कुठं शिकली व हे?" ती म्हणायची, "आमच्या दुकानातली कुत्री अशीच वाढली. ट्रक आला तरी उठत नसे आन् पोट्ट्यायनं शेपटी ओढली तरी बोलत नसे."

मी चुलीपुढे बसून ऐकायची. तिचं माहेर, तिचं दुकान, तिची कुत्री. माझ्याही माहेरी कुत्रे होते, पण मला त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

धानाची रोवणी लागली. आम्ही बायका चिखलाच्या बांधीत ओळीनं वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत होतो. धाकटीने तांबड्याला शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पळसाच्या सावलीत बांधलं होतं. जवळच सगळ्यांच्या जेवणाची गाठोडी होती. मजूर बाया पाणी प्यायला वर गेल्या की चिखलाच्या हातांनी त्याला थोपटत. ते भिजायचं, लोळायचं, पण गाठोड्याला तोंड लावत नसे. दुपारी जेवताना ते एकीकडून दुसरीकडे जाऊन बसे आणि प्रत्येक जण त्याला भाताचं एक बोट देई.

"बाई," धाकटी मला म्हणाली, "काळ्याले बी उद्या आना ना. दोघं भाऊ खेळतीन."

"नको. चिखलानं खाज होते त्याले."

"तुमचं पिल्लू नव्या नवरीवानी कोन्यात बसून राहते बाई. तोंड तरी पाहू द्या कोनाले."

ओळीतल्या बाया हसल्या. सासूबाई पुढे होत्या, त्या वळूनही न पाहता म्हणाल्या, "तिच्यावरच गेलं ते."

ते सगळ्यांनी हसून सोडून दिलं. मी मात्र तो सगळा दिवस धाकटीच्या पाठीकडे पाहत रोपं लावली. तिची ओळ माझ्यापेक्षा सरळ येत होती. घरी गेल्यावर मी अंगही न धुता आधी ढोलीमागे गेले. काळं माझ्या अंगावर उड्या मारत राहिलं, चिखलाचे पाय चाटत राहिलं. असं स्वागत तांबडं धाकटीचं करत नाही, हे मी पाहिलेलं होतं. त्याला तिच्या जाण्या-येण्याचं विशेष काही वाटत नसे.

पावसाळाभर असंच चाललं. काळं उंच झालं, छाती रुंद झाली. अंगावर तेल लावल्यासारखी चमक आली. दिसायला ते तांबड्यापेक्षा कितीतरी देखणं होतं आणि मला वाटायचं, सासरे एकदा याला उजेडात पाहतील तर दुसऱ्याकडे वळणारच नाहीत. एकच गोष्ट मला खटकत असे. माझ्या मुलीनं एकदा त्याच्या ताटलीजवळचा लोटा उचलला तर त्यानं ओठ वर करून दात दाखवले. ती रडत बाहेर गेली आणि धाकटीनं तिला तांबड्याच्या पोटाशी बसवलं. तिथे ती झोपूनच गेली.

लवकर निघणारं हलकं धान पिवळं झालं तशी डुकरं उतरू लागली. दिवसा ती बोडीच्या लहान तळ्यापलीकडच्या झुडपात दडून राहत. गावातले पुरुष सकाळी पत्र्याचे पिपे वाजवत, ओरडत त्यांना जंगलाकडे हाकलत. यालाच हाका म्हणत. तो रोजच्या कामाचा भाग होता, आणि खेळही होता. कोणाचा कुत्रा पुढे गेला, कोणाचा शेपूट घालून आला याच्या गप्पा चावडीवर संध्याकाळपर्यंत पुरत.

सासरे म्हणाले, "आज दोघायले घेऊन चला. डुकरावर सोडायचं नाई, नुसतं दाखवायचं."

तांबडं माझ्या दिरामागे उड्या मारत निघालं. काळ्याची दोरी माझ्या नवऱ्यानं धरली, पण ते चारही पाय रोवून बसलं. ओढलं तर लोळलं. शेवटी नवरा चिडून म्हणाला, "तूच चाल आता. तुझ्याशिवाय हलत नाई हे."

हाक्याला बायका जात नसत. मी डोक्यावरून पदर पुढे ओढून पुरुषांच्या मागे बरंच अंतर ठेवून चालले आणि काळं माझ्या लुगड्याला चिकटून. वाटेत कोणीतरी म्हणालंच, "आता वहिनीच डुक्कर हाकलतीन का जी?"

बोडीजवळ पहिला पिपा वाजला. तांबड्यानं कान उभे केले, एकदा दिराच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्या कुत्र्यांच्या मागे झुडपाच्या कडेपर्यंत धावलं. आत एक डुक्कर खुरं आपटत पळालं. दिरानं शीळ घातली तसं तांबडं थांबलं, वळलं आणि जीभ बाहेर काढून परत आलं. सगळे पुरुष एकदम बोलू लागले.

माझ्या काळ्यानं पिप्याच्या आवाजाबरोबर जागीच लघवी केली. ते माझ्या दोन पायांमध्ये शिरलं, इतकं की मी पडतापडता वाचले. शेजारचे एक म्हातारे बाबा भल्या मनाने त्याला कुरवाळायला वाकले. त्यानं त्यांचा अंगठा फोडला.

बाबांनी अंगठा तोंडात धरला आणि हसून म्हणाले, "दात तं चांगले हायेत बा."

सासऱ्यांनी काळ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "याचा दोष नाई," ते म्हणाले. "याले जग दाखवलंच नाई कोनी."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तिकडे दीर तांबड्याला खांद्यावर घेऊन गावाकडे चालला होता. म्हणजे घरी गेल्यावर आता सगळं धाकटीला पुन्हा सांगितलं जाणार, ती पुन्हा पुन्हा विचारणार, आणि मी भात शिजवणार.

मंडईला अजून थोडे दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून मी काळ्याला दोरी बांधून विहिरीवर नेऊ लागले. मला स्वतःलाच विहिरीवर गर्दी असताना जायला आवडत नसे. मी उन्हं चढल्यावर, सगळ्या गेल्यावर पाणी आणायची. आता मुद्दाम गर्दीत जायचं होतं. बाया विचारत, "काय व, आज इतक्या लवकर?" मी उत्तर शोधेपर्यंत त्या दुसरं काही बोलू लागत. काळं माझ्यामागे थरथरत उभं राही. चौथ्यापाचव्या सकाळी त्यानं कोणाच्या तरी हातून गुळाचा खडा हुंगला. खाल्ला नाही, पण हुंगला. मी घरी येऊन ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धाकटीनं पुढे काय करायचं ते मला शिकवलं असतं, आणि ते बरोबरच निघालं असतं.

तिनं आपणहून एकदा म्हटलंही. "बाई, चार दिवस मले देऊन पाहा काळ्याले. मी नेतो त्याले सगळीकडे."

"तुझं तुले आहे ना एक," मी म्हटलं. माझ्या तोंडून इतका मोठा आवाज निघालेला तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा.

मंडईच्या दिवशी गावात पाळणा आला होता, जिलेबीची दुकानं होती आणि चौकात दंडारीच्या खेळाचे ढोल वाजत होते. पाहुण्यांनी घरं भरली होती. आम्ही सगळे निघालो. तांबडं मोकळंच होतं, माझ्या मुलीच्या हाताखालून चालत होतं. काळ्याची दोरी मी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. पाळण्यापर्यंत ते आलं. इतकं आलं याचाच मला अभिमान वाटत होता. तेवढ्यात ढोल एकदम जवळ वाजला. दोरी माझी कातडी सोलून निसटली आणि ते गर्दीतून, लोकांच्या पायांतून, एका बाईची पोह्यांची टोपली लवंडून घराकडे पळालं. मी धावले नाही. इतक्या लोकांसमोर मला धावता आलं नसतं. तांबडं दंडारीसमोर पोरांच्या मधोमध बसून त्यांच्या हातची जिलेबी खात होतं. कोणी तरी परका माणूस विचारत होता, "कोनाचं हो कुत्रं? लय गुनाचं हाय." तेव्हा धाकटी हसून म्हणाली, "आमचं."

संध्याकाळी सासरे सासूबाईंशी बोलत होते ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. जंगलाकडच्या एका गावात कोणाला तरी साखळीवर बांधायला कुत्रा हवा होता. काळं तिकडे जायचं होतं.

मी हात धुतले आणि बाहेर आले. सासऱ्यांसमोर आपणहून जाऊन उभं राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. "मामाजी," मी म्हटलं, "त्याले कारध्याले देऊ का? माझ्या भावाकडे?"

त्यांनी मान वर केली. सासूबाईंनी सुपारी कातरायचं थांबवलं.

"भावाले पाहिजे का?"

"नदीच्या रेतीत खरबुजाची डांगरवाडी लावते तो. कोल्हे डांगरं खाऊन जातेत."

भावानं मला कधी कुत्रं मागितलं नव्हतं. सासरे म्हणाले, "बरं. देजो त्याले."

भाऊ सायकलवर आला आणि पोत्यात घालून काळ्याला घेऊन गेला. मी त्याला बजावलं, "दुसऱ्याच्या हातचं खात नाई तो. पाहजो." तो "हो" म्हणाला. मला वाटत होतं, काळं तिथे उपाशी राहील, आणि चारआठ दिवसांत भाऊ परत घेऊन येईल आणि म्हणेल, घ्या बाई, तुमच्याशिवाय राहत नाही हा. आमच्या गावचा एक जण भंडाऱ्याच्या बाजाराला गेला होता, तो भावाला भेटून आला. म्हणाला, "कुत्रं खाऊन नाई राहिलं म्हनत होता." त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. नंतर बाजारातून तसा निरोप आला नाही.

उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन माहेरी गेले. रेतीतल्या वाडीत भाऊ नव्हता, डांगरं घेऊन बाजारात गेला होता. भावजय झोपडीच्या सावलीत दोन्ही लेकरांना घेऊन बसली होती. ती भांडखोर नव्हे, पण कोणाचं ऐकून घेणारीही नव्हे. मला लांबून पाहून काळं उठलं. एकदा भुंकलं, मग धावत आलं, माझे पाय हुंगले, शेपटी हलवली आणि माझ्या मुलीचा हात चाटला. मुलगी आधी माझ्यामागे लपली, मग हसायला लागली. आमच्या पुढे पुढे चालत ते आम्हाला झोपडीपर्यंत घेऊन गेलं आणि भावजयीच्या पायाशी जाऊन बसलं.

"खाते का आता?" मी विचारलं.

"खाते का म्हंजे? कोनाचं बी खाते. पहिले चार दिवस तोंड लावत नव्हतं. मी म्हटलं, राहा बापा उपाशी, माह्याजवळ तुह्यासाठी वेळ नाई. वाडीतच बांधून ठेवलं. दिवसभर गिऱ्हाईक येते, धोबी येते, पोट्टे नदीत जातेत. कोनी डांगराची साल टाकली तं खाऊन घेतली त्यानं एक दिवस. मग काय." तिनं काळ्याच्या डोक्यावर एक चापट मारली. "बह्याड होतं नुसतं. पाण्याले भेत होतं, लेकराले भेत होतं. काय शिकवलं वन्स तुमी याले?"

तिचा धाकटा काळ्याच्या पाठीवर पालथा पडून त्याचा कान पिरगाळत होता. कुत्रं डोळे मिटून होतं.

मी म्हटलं, "आमच्या घरी माणसं कमी."

दिवसभर मी त्याच्याकडे पाहत राहिले. गिऱ्हाईक आलं की ते उठून एकदा भुंकायचं, मग शेपटी हलवायची, मग झोपडीपर्यंत सोबत. माझ्यासाठी केलं तितकंच. कोल्ह्याच्या मागे तर नदीच्या पात्रातून पार पलीकडे जातं आणि हाक मारली की परत येतं, असं भावजय म्हणाली. आता ते सासऱ्यांना हवं होतं तसं अगदी झालेलं होतं. आणि ते कोणी केलं, तर मन न लावता, डांगरं विकता विकता, या बाईनं. मला धाकटीचा हेवा वाटायचा तेव्हा निदान ती त्यासाठी खपत तरी होती.

निघताना भावजयीनं एक डांगर माझ्या काखेत दिलं. काळं आम्हाला सोडायला रेती चढून रस्त्यापर्यंत आलं. मला वाटलं, आता थांबेल, बस आली की मागे धावेल. तेवढ्यात भंडाऱ्याकडून दोन माणसं टोपल्या घेऊन वाडीकडे उतरली. काळं त्यांना हुंगून त्यांच्या पुढे पुढे चालत खाली गेलं. मी बस येईपर्यंत नदीकडे पाठ करून उभी राहिले.

घरी पोचले तेव्हा धाकटी अंगणातच होती.

"बाई, कसं आहे आपलं काळं? वळखलं का तुमाले?"

"ओळखलं," मी म्हटलं. ओळखलं होतंच.

"धावत आलं?"

"हो."

ती एवढ्यावरच खूश झाली. माझ्या काखेतलं डांगर घेऊन ती सासूबाईंकडे गेली आणि सांगू लागली की बाई लांब रेतीत दिसल्याबरोबर काळं कसं दोर तोडून पळत सुटलं, कसं अंगावर चढलं, निघताना कसं बसच्या मागे लागलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सासरेही खाटेवरून कान देऊन ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिनं ते विहिरीवरही सांगितलं. मी घागर भरून बाजूला उभी होते आणि बाया एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या. इतका वेळ माझ्याबद्दल तिथे कधीच कोणी बोललं नव्हतं. एकीनं मला विचारलं, "खरंच का व, बसमागं धावलं?" मी काही बोलायच्या आत धाकटीच म्हणाली, "मंग. त्यायचंच कुत्रं ना ते."

मी घागर डोक्यावर घेतली. ती अजून सांगतच होती, आणि मला सगळं ऐकायचं होतं, म्हणून मी हळूहळू चालले.